सर विझी, सर जडेजा आणि गोळेश्वरचे खाशाबा

२५ जानेवारीला संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी तोच खेळ सुरू होतो. आधी कुणीतरी पीडीएफ टाकतं, मग दुसरं कुणीतरी त्यातली महाराष्ट्रातली नावं वेगळी काढून टाकतं, मग "हे कोण?" "अरे ते नाही का ते" असं थोडा वेळ चालतं, आणि साधारण जेवणं आटपायच्या सुमारास कराडच्या काकांचा मेसेज येतो, "खाशाबांचं नाव आलं का?" खाशाबा म्हणजे ऑलिंपिकचं पदक आणलेले आमच्याकडचे पैलवान खाशाबा जाधव. नाव आलेलं नसतं. त्यावर कुणी हात जोडतं, कुणी रागाचा लाल इमोजी टाकतं, आणि माझा एक चुलत भाऊ, ज्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे २००३ ची फायनल, तो हमखास म्हणतो की खेळाडूंना हे असले राष्ट्रीय सन्मान पाहिजेतच कशाला, त्यांना मिळतं ते काय कमी आहे का.

तो 'खेळाडू' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर आयपीएलचं ऑक्शन असतं आणि काका 'खेळाडू' म्हणतात तेव्हा लाल माती आणि लंगोट. त्यामुळे हे भांडण मिटत नाही, पुढच्या जानेवारीवर ढकललं जातं.

पैशाचा मुद्दा मला स्वतःला कधी पटला नाही. मोठे गवई मैफिलीचं मानधन घेतात, मोठे सर्जन ऑपरेशनची फी घेतात, त्यांना पद्मभूषण मिळालं की आपण त्यांच्याकडे पावतीपुस्तक मागत नाही, मग बॅट्समनकडेच का मागायचं? 'खेळ म्हणजे नुसती करमणूक' हेही सोडून द्या, ज्यांनी १९८३ चा वर्ल्डकप रेडिओला कान लावून ऐकलाय त्यांना जाऊन हे सांगा. मला जो प्रश्न पडतो तो जरा वेगळा आहे. हा मान देतो कोण, कधी देतो, आणि त्या देण्याघेण्यात नक्की कुणाच्या पदरात काय पडतं?

यासाठी आधी विझींना भेटायला पाहिजे. विजयनगरमचे महाराजकुमार, क्रिकेटच्या पुस्तकांतले विझी. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर हे आपले कॅप्टन होते. कॅप्टन कसे झाले, तर संस्थानिक होते, पैसा होता, ओळखी होत्या, म्हणून झाले. त्या दौऱ्यावर त्यांनी लाला अमरनाथसारख्या खेळाडूला शिस्तभंगाच्या नावाखाली बोटीत बसवून घरी पाठवून दिलं, आणि स्वतः तीन टेस्टमध्ये मिळून ३३ रन काढले. तेहतीस, ॲव्हरेज सव्वाआठ, आणि त्यांचं टेस्ट करिअर म्हणजे एवढंच. आणि दौरा चालू असतानाच इंग्रज सरकारने या माणसाला नाइटहूड दिलं, म्हणजे मॅचच्या मधे जाऊन 'सर' होऊन आले! ज्या सी. के. नायडूंना लोक डोक्यावर घेत होते ते त्याच टीममध्ये त्यांच्या हाताखाली खेळत होते.

बरं, स्वातंत्र्य मिळालं, 'सर' गेलं, इंग्रज गेले, विझी कुठेच गेले नाहीत. ते बोर्डाचे अध्यक्ष झाले, रेडिओवर कॉमेंट्री करायला लागले, आणि १९५८ ला आपल्या सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९५६ ला, हेच पद्मभूषण कुणाला दिलं होतं माहितीय? ध्यानचंदना. हॉकीत १९२८, १९३२, १९३६ अशी ओळीने तीन ऑलिंपिक गोल्ड असलेल्या ध्यानचंदना, आणि सी. के. नायडूंनाही. आता विझींनी खेळासाठी पैसा ओतला, संघटनेचं काम केलं हे खरंच आहे, कुणी नाकारत नाही. पण स्टिकने जग जिंकलेला हवालदारकीतून वर आलेला माणूस आणि ३३ रनचे महाराजकुमार सरकारी रजिस्टरात शेवटी एकाच ओळीत बसले. फायलीला तेवढंच दिसतं.

इथे एक गंमत सांगायलाच पाहिजे. आपल्या घटनेत कलम १८ आहे, सरकारने पदव्या देऊ नयेत असं सांगणारं. मग भारतरत्न, पद्मश्री हे काय आहे, असं म्हणून लोक कोर्टात गेले आणि १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सन्मान आहेत, पदव्या नाहीत, त्यामुळे घटनेला धरून आहेत, फक्त ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. म्हणजे 'पद्मश्री अमुक तमुक' असं लेटरहेडवर छापणं चूक. आता आपल्याकडच्या कुठल्याही चौकातला फ्लेक्स बघा आणि सांगा. त्याआधी १९७७ ला जनता सरकारने तर हे सगळे पुरस्कारच बंद करून टाकले होते, १९८० ला इंदिराबाई परत आल्या आणि पुरस्कारही परत आले.

पण हिंदकेसरी मारुती माने, हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, ही नावं आपल्याकडे नुसती कुणी घेतंच नाही. हिंदकेसरी हे नावाच्या आधी लागतं म्हणजे लागतंच, पत्रिकेत लागतं, तालमीच्या पाटीवर लागतं, आमच्या काकांच्या तोंडात तर ते नावाचाच भाग झालेलं आहे, आणि त्याला कुठल्या कोर्टाची हरकत नाही कारण ते दिल्लीच्या फायलीतून आलेलंच नाही. समोरच्याला पाठीवर पाडून ते आणलेलं आहे. जडेजाला पब्लिक 'सर जडेजा' म्हणतं ते तर थट्टेतच सुरू झालं होतं, २०१३ ला धोनीने ट्विटरवर त्याची खेचली आणि ते चिकटलं, आणि आता तो इतकी वर्षं इतकं चांगलं खेळलाय की त्यातली थट्टा हळूहळू पातळ होत गेली. विझींच्या 'सर'पेक्षा हे 'सर' मला जास्त खरं वाटतं, काय करणार.

आता सचिन. हे लिहिताना मी तटस्थ वगैरे नाहीये हे आधीच सांगतो. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर तो शेवटचं बोलला, पिचला वाकून नमस्कार करून आत गेला, तेव्हा आमच्या ऑफिसातले झाडून सगळे कॅन्टीनच्या टीव्हीसमोर होते आणि नाकं ओढण्याचे आवाज येत होते. आणि त्याच दुपारी बातमी आली, भारतरत्न. पहिला खेळाडू, वय ४०. आम्ही टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार.

त्यानंतर काही दिवसांनी डोकं जरा थंड झाल्यावर बाकीच्या गोष्टी वाचनात आल्या. मुळात भारतरत्न खेळाडूला देता यावं म्हणून २०११ मध्ये नियमच बदलला गेला होता, आधी त्यात कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा एवढंच होतं, ते 'कुठलंही क्षेत्र' असं केलं. आणि २०१३ मध्ये क्रीडा मंत्रालयाने रीतसर शिफारस पाठवली होती ती ध्यानचंद यांच्या नावाची. ती राहिली बाजूला. सचिनची माहिती मागवली गेली, फाइल हलली आणि सही झाली ती सगळी टेस्ट चालू असताना, हे नंतर माहितीच्या अधिकारात बाहेर आलं. सरकारी कामाला इतका स्पीड आपण कधी बघितलाय का? त्याच दिवशी सी. एन. आर. राव या शास्त्रज्ञांनाही भारतरत्न जाहीर झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते पत्रकारांसमोर संशोधनाला पैसा देत नाहीत म्हणून राजकारण्यांवर असे काही उखडले की मला तो माणूस एकदम आवडला. पण पहिल्या पानावर त्यांचा फोटो शोधावा लागत होता.

सचिनला भारतरत्न द्यायला नको होतं असं मी म्हणणार नाही, माझी तेवढी छाती नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या दुपारी अख्खा देश त्याच्यासाठी रडत होता, त्याच्यात भारतरत्नाने कणभर भर पडली नाही. भर पडली ती देणाऱ्याच्या खात्यात. समोर निवडणूक होती, लोक सचिनच्या नावाने भारावलेले होते, आणि त्या क्षणाला सरकारला त्याच्या शेजारी उभं राहून फोटोत यायचं होतं. आदल्या वर्षी राज्यसभाही अशीच दिली होती, ज्याची त्याला सवड नव्हती आणि आवड तर त्याहून नव्हती. म्हणजे ज्याच्याकडे आधीच सगळं आहे त्याला आपण देतो, आणि देताना आपल्याच पाठीवर थाप मारून घेतो.

मग ज्याच्याकडे काही नव्हतं त्याचं काय? आता काकांकडे येऊ.

खाशाबा जाधव गोळेश्वरचे, म्हणजे कराडला खेटूनच. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला. जन्मभर मातीत खेळलेला गडी तिकडे पहिल्यांदा मॅटवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकी. आधी निवडीतच डावललं, मग पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि जिंकून दाखवली, तेव्हा कुठे नाव लागलं. मग पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. मी ही गोष्ट लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलीय की ती मला आरतीसारखी पाठ आहे, तरी दर वेळी 'घर गहाण' या शब्दांपाशी मी थांबतो. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी!

हेलसिंकीत एक कुस्ती लांबली, बराच वेळ चालली, त्यानंतर नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती मिळायला पाहिजे होती, पण तिथे बाजू मांडायला आपला एकही अधिकारी हजर नव्हता, आणि खाशाबांना तसंच दमलेल्या अंगाने सोव्हिएत युनियनच्या मल्लासमोर उभं केलं. ते हरले. तरीही ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हॉकी टीमने तेव्हा गोल्ड आणलं होतं, त्यामुळे दिल्लीचं लक्ष तिकडे. गावाकडे मात्र १५१ बैलगाड्या आल्या होत्या म्हणे आणि एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला मिरवणुकीने सात तास लावले. आणि घरी आल्यावर या माणसाने केलं काय, तर कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यात स्वतः लढला, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

नंतर पोलिसात नोकरी. १९५५ ला सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, रिटायर होताना असिस्टंट कमिशनर, पेन्शनसाठी पुन्हा खेटे. १९८२ च्या दिल्ली एशियाडची मशाल त्यांनी हातात घेतली होती, सरकारला त्यांची आठवण झाली ती तेवढीच. १९८४ ला रस्त्यावर अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव दिलं २०१० मध्ये. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा क्रीडा दिन आहे. पद्म मात्र नाही. त्यांच्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षं लागली, लिअँडर पेसने १९९६ ला आणलं, त्याला पद्मश्रीही मिळाली आणि पद्मभूषणही, आणि ते योग्यच होतं. खाशाबांच्या बाबतीत सांगितलं जातं की पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. 'सहसा' हा शब्द नियमातच आहे, आणि दर वर्षीच्या यादीत काही नावांपुढे 'मरणोत्तर' लिहिलेलं असतंच. पण जिवंतपणी ३२ वर्षं हातात होती ना. तेव्हा कुणी अडवलं होतं?

आमच्याकडच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान ज्यांनी बघितलं नाही त्यांना मी काय म्हणतोय ते कळणं जरा अवघड आहे. दुपारी तीनला हलगी सुरू होते. पहिल्या कुस्त्या बारक्या पोरांच्या, रेवड्यांवरच्या. सात-आठ वर्षांची पोरं, चड्डीची नाडी घट्ट केलेली, एकमेकांच्या अंगाला माती चोळतात, धडपडतात, जो जिंकेल त्याच्या ओंजळीत पंच रेवड्या टाकतात आणि हरलेल्याच्याही ओंजळीत थोड्या टाकतात कारण तो रडायला आलेला असतो. मग नारळावरच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, करत करत अंधार पडायच्या बेताला शेवटची मोठी जोड. ती निकाली झाली की जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारतो आणि कडेला बसलेली माणसं त्याच्या हातात नोटा कोंबतात, दहाची, पन्नासची, कुणी म्हातारा खिशातून चुरगाळलेली वीसची काढून देतो आणि वर पाठीवर एक थाप मारतो. कुणी डोक्याला फेटा बांधतं. घाम अजून अंगावर असतो तोवर मान देऊन झालेला असतो. पुढल्या वर्षी समिती बसेल, शिफारस मागवू, असं कुणी म्हणत नाही.

याचा अर्थ मातीतलं सगळं सोन्यासारखं असतं असं नाही हां. महाराष्ट्र केसरीच्या आता संघटनाच दोन आणि गदाही दोन, २०२५ ला अहिल्यानगरच्या मैदानात निकालावरून पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली, आणि गावजत्रांत नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेल्या, कुस्त्या होतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण निदान वाद होतो तो पाठ टेकली की नाही टेकली यावर, आणि तो हजारो लोकांच्या डोळ्यासमोर होतो. पद्मच्या फायलीत कुणाची पाठ कुठे टेकली ते आपल्याला कधी कळतच नाही.

मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण तर हसावं की रडावं असं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्करात होते, बॉक्सिंग करायचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. त्यानंतर पोहायला शिकले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड आणलं, वर्ल्ड रेकॉर्ड करून. भारताचं पहिलं पॅरालिंपिक पदक. पद्मश्री मिळाली २०१८ ला आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. त्रेपन्न वर्षांनी! तोवर पोहणाऱ्याची नातवंडं पोहायला लागतात. मिल्खा सिंगना २००१ ला अर्जुन देऊ केला तेव्हा त्यांनी सरळ नको म्हणून सांगितलं, त्यांना १९५९ लाच पद्मश्री मिळालेली होती, तेव्हा अर्जुन पुरस्कार सुरूही झाला नव्हता. आणि ज्यांना वेळेवर मिळायची सोय आहे तिथे फॉर्म आहे. मनू भाकरने पॅरिसला एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं जिंकली आणि डिसेंबर २०२४ मध्ये खेलरत्नच्या शिफारशीत तिचं नाव नसल्याची बातमी आली, का, तर अर्ज भरण्यात काहीतरी राहिलं. बोंबाबोंब झाली म्हणून मिळालं. बीडच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या पोरीसाठी एवढी बोंब कोण मारणार?

इतकं सगळं म्हटल्यावर मी खरं तर चुलत भावाच्या पार्टीत जायला पाहिजे, की नकोतच हे पुरस्कार. पण एका गोष्टीपाशी मी अडतो. महिला कुस्तीगिरांच्या छळाच्या तक्रारींवरून पैलवानांचं आंदोलन चाललं होतं, त्यात डिसेंबर २०२३ मध्ये बजरंग पुनियाने आपली पद्मश्री दिल्लीत कर्तव्यपथावर फुटपाथवर ठेवून दिली. आदल्या दिवशी साक्षी मलिकने बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली होती. आठवड्याभराने विनेश फोगाटने अर्जुन आणि खेलरत्न तिथेच आणून ठेवले. महिनोन्महिने जंतरमंतरवर बसून, पोलिसांनी फरफटत नेऊन जे झालं नाही ते त्या फुटपाथवरच्या पदकाने झालं असं मी म्हणत नाही, पण तो फोटो बघून आमच्या ग्रुपवरचे 'राजकारण आहे सगळं' म्हणणारे मामासुद्धा गप्प बसले होते. सरकारने दिलेली वस्तू सरकारच्या दारात परत ठेवता येते, आणि ती ठेवणाऱ्याकडे मग दुर्लक्ष करणं जड जातं, हा उपयोग देणाऱ्याच्या मनात कधीच नसणार. रेवड्या अशा परत ठेवता येत नाहीत.

तर या वर्षी मी काकांना म्हटलं, आपणच एक नाव पाठवू. पद्मसाठी कुणीही कुणाचंही नाव ऑनलाइन पाठवू शकतं, स्वतःचंसुद्धा, फक्त जास्तीत जास्त ८०० शब्दांत त्या माणसाचं काम लिहायला लागतं. काकांच्या ओळखीचे एक वस्ताद आहेत, त्यांनी चाळीसेक वर्षं फुकट तालीम चालवली, त्यांचे पठ्ठे पोलिसात आहेत, मिलिटरीत आहेत, दोघं-तिघं एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोर्स करून कोच झालेत. आम्ही त्यांच्याकडे गेलो. तालमीत कुस्तीच्या हौदाची माती उकरायचं काम चाललं होतं, त्यात ताक आणि हळद टाकून ठेवलेली, वास भरून राहिलेला. काकांनी विषय काढला. वस्ताद ऐकत होते पण लक्ष फावड्यावर होतं.

"त्येनं काय मिळतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पैसे नसतात त्याला, सन्मान असतो, राष्ट्रपतींच्या हस्ते देतात.

"आसं व्हय," ते म्हणाले. मग फावडं बाजूला ठेवून त्यांनी आम्हाला मागच्या खोलीत नेलं, तिथे कोपऱ्यात गुंडाळलेली एक मॅट होती, दोन ठिकाणी फाटलेली, आतला फोम बाहेर आलेला. आता पोरांना मातीवर खेळवून भागत नाही, स्टेटला, नॅशनलला सगळं मॅटवर असतं, हे ते मला समजावून सांगत होते, जणू मीच मंत्रालयातून आलोय. पंचायतीकडे दोनदा अर्ज दिला होता, पण तो नीट लिहिलेला नव्हता असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. "तुमी शिकल्यालं हायसा, येक झ्याक अर्ज लिवून द्या," म्हणाले.

पद्मचा फॉर्म सेव्ह करून ठेवलाय, त्यात जन्मतारखेचा रकाना अजून रिकामा आहे कारण ती वस्तादांनाही पक्की माहीत नाही. सध्या मी मॅटचा अर्ज लिहितोय. साइज १२ बाय १२ मीटर, जाडी सहा सेंटिमीटर, आणि सोबत जोडायला फाटक्या मॅटचे फोटो.